पेटीतला रस्ता

मुख्याध्यापक चंद्रभान सरांनी नाकाला रुमाल लावला. विज्ञान प्रदर्शनाच्या टेबलावर रंजूने आईची मासोळ्यांची टोपली ठेवली होती.

“मॅडम, हे उचलाले सांगा. पाहुणे येऊन राहिले,” ते मला म्हणाले.

रंजू माझ्या नववीच्या विज्ञानाच्या वर्गात आहे. तिची आई शकुनबाई तलावातली मासोळी अड्याळच्या बाजारात विकते. रंजूने काचेच्या दोन पेट्या केल्या होत्या. एकीत प्राचीन रोमन रस्त्याचा छेद होता: तळाला मोठे दगड, वर खडी, मग चुन्यात कालवलेली गिट्टी आणि सगळ्यात वर ओबडधोबड फरशा. मागे तक्ता, पुढे टेबलावर नावाची पट्टी. या रस्त्यांवरून तेल, धान्य, मीठ शेकडो मैल जाई. दर मैलाला एक दगड असे आणि पुष्कळदा त्यावर रस्ता करवून घेणाऱ्याचे नाव.

दुसऱ्या पेटीत तलाव ते अड्याळ या आमच्या नव्या रस्त्याचा छेद होता. कडेचा तुकडा रंजूने नुसत्या हाताने उचलून आणला होता. डांबराचा थर मी स्वतः मोजला. वीस मिलिमीटर हवा होता, नऊ भरला. खाली खडी नव्हती, माती होती. त्याच्या तक्त्यावर तिने लिहिले होते: ‘चार किलोमीटर, खड्ड्यांमुळे ऑटोने पन्नास मिनिटे. उन्हाळ्यात पाव टोपली मासोळी वाटेतच खराब.’

हा रस्ता भूषणसेठने बांधला. प्रमुख पाहुणेही तेच. ते ज्या मॉडेलला पहिला नंबर देतील ते भंडाऱ्याला जिल्हा प्रदर्शनात जाणार होते, आणि रंजू दोन महिने भंडाऱ्याशिवाय दुसरे काही बोलली नव्हती.

सरांनी दुसऱ्या पेटीचा तक्ता आणि पट्टी काढून घडी केली, खिशात घातली. “चिंधू, तो खराब रस्ता आत नेऊन ठेव.”

“सर, हे कायले झाकून राहिले?” रंजूने विचारले. सर पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे निघाले. मीही त्यांच्यामागे गेले.

शिपाई चिंधूने दोन्ही पेट्या नीट पाहिल्या. एकीत दगडधोंडे, डांबराचा पत्ता नाही, जुन्या बैलबंडीच्या वाटेसारखे. दुसरी काळीभोर, गुळगुळीत. त्याने खराब ती हीच समजून रोमन पेटी उचलली आणि आत नेली; तिचा तक्ता आणि पट्टी टेबलावरच राहिले. मला हे कळले तेव्हा भूषणसेठ टेबलासमोर उभे होते.

येताना त्यांनी मुलींच्या रांगोळीशेजारी तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला होता. त्यांनी वाकून पट्टी वाचली, ‘प्राचीन रोमन रस्ता’. मग पेटीत अंगठा घालून डांबराचा पापुद्रा उचलला.

“अरे बाप! हे रोमन तं पक्के चोर निघाले! याले रस्ता म्हणते का? खाली माती, वर तवा पुसल्यासारखं डांबर. पहिल्याच पाण्यात वाहून जाईन!”

सगळे हसले. सर सगळ्यांत मोठ्याने हसले. त्यांचे पेटीकडे लक्षच नव्हते.

“पोरीनं चोरी बरोबर पकडली. एक नंबर!” सेठने निकालपत्रावर सही केली.

“सेठजी,” रंजू म्हणाली, “हा रोमचा नाही. हा तुमचाच होय, तलावावरचा.”

सरांचा रुमाल खाली आला. मी सेठच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्यावर काहीतरी उमटेल असे वाटले होते. त्यांनी खर्रा या गालातून त्या गालात नेला आणि अंगठ्याने ओठ पुसले.

“पाहा चंद्रभानजी, नजर कशी हाय आपली! अंगठा लावला का माल समजते.”

लोक पुन्हा हसले. त्याच अंगठ्याने त्यांनी कौतुकाने रंजूचा गाल दाबला. मी रुमालाने तिचा गाल पुसला आणि निकालपत्र पर्समध्ये टाकले. तो रुमाल नंतर दोनदा उकळला. खर्र्याचा वास गेला असावा, पण मी तो फेकला.

भंडाऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी रंजूने दोन्ही पेट्या शेजारीशेजारी मांडल्या. तक्ता नव्याने लिहिला. मग दोन चपटे दगड काढले, एकेका पेटीत उभे केले.

“मॅडम, रोमच्या दगडावर नाव लिहिलं. आपल्यावर टाकू का?”

सेठचे नाव कुठेही नको, असे सरांनी मला सकाळीच बजावले होते. रंगाची डबी मी तिच्याकडे सरकवली.

“टाक. अक्षर मोठं काढ, दुरून दिसलं पाहिजे.”