वीस पावलांवर बेपत्ता

शोधायला उठायचं नाही आणि माणूस हरवला असं लिहून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? ज्याने त्याने स्वतःला विचारावं. मी तर त्या गुन्ह्यातलं हत्यारच आहे.

मी एक रबरी शिक्का. घाना देशातल्या कुमासी शहराच्या बाजारात एका म्हाताऱ्या कारागिराने मला कोरलं आणि लाकडी मूठ बसवली. माझ्या तोंडात दोनच शब्द आहेत: 'रुग्ण बेपत्ता'. तिसरा शब्द मला येत नाही.

मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या संशोधनाच्या खोलीत मी आलो. तिथे दोन टेबलं होती. एकावर स्तनाच्या कर्करोगाच्या फायली, दुसऱ्यावर लहान मुलांच्या ऑपरेशनच्या. कारकून मात्र एकच, बेदियाको. रुग्ण तारखेला आला नाही की तीनदा फोन करायचा, लागला नाही की मला फायलीवर उमटवायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. ठसा स्वच्छ उठला की छाती फुगायची.

व्हिक्टोरिया सेरवा आली तेव्हा तिची गाठ लिंबाएवढी होती. डॉ. न्यार्को यांनी तुकडा तपासायला काढला. तिने संमतीच्या कागदावर अंगठा दिला. त्यावर केळी तळताना भाजल्याचा आडवा, पांढरा डाग होता. निकाल कर्करोगाचा आला. बेदियाकोने तीन फोन केले आणि तिच्या नावावर मला थाडकन आपटलं.

आठवड्याभराने दुसऱ्या टेबलापाशी एक बाई आली. कडेवर वर्षाचं पोर. जन्मतः शौचाची वाट बंद, म्हणून पोटाला पिशवी लावलेली. त्या फॉर्मवर नाव पोराचं, पालक म्हणून नुसतं 'क्वाकूची आई'. तिने अंगठा माझ्याच शाईत बुडवला. तोच डाग! मी ओरडायला तोंड उघडलं, तर आत तेच दोन शब्द. बेदियाकोने मान वरसुद्धा केली नाही.

चार महिन्यांनी क्वाकू बरा झाला. पिशवी निघाली. त्याची आई पुन्हा आली, या खेपेला पहिल्या टेबलापाशी.

"साहेब, पोराचं झालं. आता माझी गाठ बघा."

बेदियाकोने फाईल काढली आणि माझ्या ठशावर बोट ठेवलं. "बाई, चार महिने होतात कुठे?"

"कुठे म्हणजे? समोरच्या वॉर्डात. पोराला सोडून जाणार कुठे? दवाखाना एकच ना तुमचा? मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असेल."

"अहो, तीन-तीनदा फोन केले!"

"तो नंबर भावाचा. तो ट्रक घेऊन सीमेपार गेलाय."

डॉ. न्यार्को धावत आल्या. तपासताना त्यांचा चेहरा उतरत गेला. गाठ आता संत्र्याएवढी होती, कातडी फाटायला आलेली. तिला हाताला धरून त्या घेऊन गेल्या. मागून बेदियाको माझा ठसा खोडरबराने घासत बसला. माझी शाई अशी पुसली जात नाही.

आता मी खणात पडून आहे. तिचं ऑपरेशन झालं की नाही, झालं तर वेळेवर झालं का, मला कोणी सांगत नाही. विचारू तरी कुठल्या तोंडाने? एवढंच मागतो: माझी मूठ धरण्याआधी एकदा उठा, बाहेर जाऊन नाव पुकारा.

ती परत आली त्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मान्सा मावशी दारात थांबल्या होत्या. त्या बादली खाली ठेवत म्हणाल्या, "बेपत्ता? अरे, रोज सकाळी तिला पाय वर घ्यायला सांगून मी तिच्याखालची फरशी पुसत होते."