स्टेशनामागची जागा

फोन वाजला तेव्हा श्यामसुंदर परातीत प्लास्टर कालवत होते. छातीत जळजळतंय म्हणून द्वारका सकाळीच लेकीबरोबर दवाखान्यात गेली होती. "परात माझी आहे, धुऊन ठेवा," एवढं जाताना बजावून.

"बाबा, आई गेली," नीरजा म्हणाली.

संध्याकाळी सगळं आटोपून ते घरी आले, तर प्लास्टर परातीत दगडासारखं बसलं होतं.

ते प्लास्टर टेकडीसाठी होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शनिवार पेठेतल्या घराच्या मागच्या खोलीत छोट्या आगगाडीचा पसारा मांडला होता. तारेच्या जाळीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वरून प्लास्टर, की टेकडी होते, हे ते व्हिडिओ बघून शिकले. द्वारका आधी नुसती टोमणे मारायची. मग स्टेशन तिचंच झालं. तिचे वडील मिरज लाइनवरच्या एका लहानशा स्टेशनात सांधेवाले होते. ते स्टेशन, त्या क्वार्टर्स कधीच पाडल्या गेल्या. फोटो नव्हता, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. होतं ते तिच्या डोक्यात.

"छप्पर एवढं लालभडक? कोळशाच्या गाड्या होत्या अहो तेव्हा. काळं पडलेलं होतं."

श्यामसुंदरांनी छपराला तिच्याच डबीतलं काजळ चोळलं. तिनं घोसाळ्याच्या जाळीची झाडं केली, चहाचा चोथा वाळवून माती केली.

"आणि तुमचं घर कुठं होतं?"

"स्टेशनामागे. ते शेवटी सांगते. आधी ती टेकडी नीट करा, फसलेल्या मोदकासारखी दिसतेय. आणि वर अळीव पेरा, दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतात तसा."

"अगं, किल्ला मातीचा असतो. हे प्लायवूड आहे."

"मग राहू द्या बोडकी."

ती गेल्यावरची पहिली दिवाळी आली. घरात आकाशकंदील लागला नाही. श्यामसुंदरांनी टेकडी नव्यानं लिंपली, वर चहाचा चोथा पसरला आणि अळीव पेरला. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. अळीव तरारून आला.

पाडव्याला नीरजा हिंजवडीहून आली. बघून हसलीच.

"बाबा, ही झाडं इंजिनापेक्षा उंच झालीत!"

त्यांनी गाडी सुरू केली. टेकडीखालच्या वळणावर ती आडवी झाली. प्लायवूड फुगून रूळ वर आले होते.

"यावर पाणी घातलंत? तुम्ही?"

"तिनं सांगितलं होतं."

नीरजानं डबे उचलून बाजूला ठेवले. मग स्टेशनामागच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "हे असं मोकळं का?"

"तिचं घर."

"मग करा ना. दोन खोल्या, एक दार. कुणाला कळणार आहे?"

"दार स्टेशनाकडे होतं की मागच्या बाजूला?"

नीरजानं बोट काढून घेतलं. "मला नाही सांगितलं कधी," ती हळूच म्हणाली. "मीही विचारलं नाही."

अळीव पिवळा पडून आडवा झाला. श्यामसुंदरांनी तो उपटला नाही. फुगलेलं प्लायवूड तेवढं कापून काढलं, नवं बसवलं, रूळ सरळ केले. भिंतींसाठी द्वारकानं धुऊन ठेवलेल्या आइस्क्रीमच्या काड्या त्या परातीत, वाळलेल्या प्लास्टरवर पडून आहेत.

गाडी आता वळणावर पडत नाही. घर बांधायचं राहिलं आहे.