पडद्यावरच्या गावात मावशी

लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रात मी मोठ्या पडद्यासाठी कॉम्प्युटरवर एक गाव तयार केलं, आणि माझी मावशी त्यात राहायला गेली. त्यातलं एक घर मी तिच्या घरासारखंच केलं होतं. कौलं, पडवी, मागचा फणससुद्धा. तिला ते आवडलं असावं.

गाव जवानांच्या सरावासाठी होतं. ते पडद्याची खालची कड ओलांडून आत जात, घरं तपासत आणि बाहेर येत. मावशी त्यांना पाणी द्यायची. हळूहळू ते तिच्या दारात बूट काढू लागले.

"तपासणीला गेलेला जवान बूट काढतो?" कॅप्टन रणनवरे म्हणाले. "त्या बाईंना हटवा."

मी तिचं घर पुसलं. ती शेजारच्या घरात चूल पेटवून बसली. तेही पुसलं. संध्याकाळी गावात एकच घर उरलं आणि ती त्यात होती.

मी पडद्याजवळ गेलो. "मावशी, बाहेर ये."

"तिकडे कोण आहे माझं?" ती म्हणाली. "इथे पोरं तरी येतात."

"मग त्याच घरात शत्रू ठेवा," कॅप्टन म्हणाले. "उद्या गोळीबाराचा सराव घेऊ."

शत्रूला द्यायला चेहरा नव्हता. गोळी लागलेला चेहरा पुन्हा वापरता येत नसे, आणि आमच्याकडचे सगळे संपले होते.

"तुमचा लावा."

मी माझा फोटो लावला.

सकाळी जवान आत गेले. पडद्यावरचा मी मागच्या दारानं घरात शिरलो. हातात बंदूक होती. मावशीनं ती काढून घेतली आणि कोपऱ्यात उभी केली.

"किती वाळलायस रे विश्राम. बस जेवायला."

तिनं पान वाढलं. जवानांनी घराला वेढा घातला. आज कोणी बूट काढले नाहीत.

सराव थांबवायचा तर माइकमध्ये "थांबा" म्हणावं लागे, आणि तिथे फक्त माझाच आवाज चाले. कॅप्टननी माइक माझ्यापुढे सरकवला.

"थांबवायचं असेल तर आत्ता सांगा," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मावशीनं भात कालवला आणि पहिला घास आपल्या हातानं पडद्यावरच्या मला भरवला. माझं तोंड गरम भातानं भरलं. मी घाईघाईनं गिळला, तोवर तिनं दुसरा भरवला होता.

दारावर लाथ बसली. मावशीनं तिसरा घास उचलला.