अकरा फाटक्या कडा

मी एक जुनी बेसबॉलची स्कोअरबुक वही आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी अपुरी आहे. माझ्या शिवणीपाशी अकरा ठिकाणी पान फाडल्याच्या कडा उरल्या आहेत. त्या कडांची आठवण आली नाही असा माझा एक दिवस जात नाही.

अलाबामातल्या पेरीव्हेल नावाच्या कोळशाच्या गावी होजिया बॅटल यांनी मला विकत घेतलं, ते साल होतं एकोणीसशे चव्वेचाळीस. ते 'ब्लॅक स्टार्स' संघाची बस चालवायचे आणि सामना सुरू झाला की बाकावर बसून स्कोअर लिहायचे. पूर्वी ते स्वतः खेळत, पण गुडघा गेला आणि हातात पेन्सिल आली. संघातले सगळे काळे, त्यांची लीगही वेगळी, कारण गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये त्यांना पाऊल टाकायला मज्जाव होता. माझं एक पान म्हणजे ब्लॅक स्टार्सचा एक सामना. प्रत्येक खेळाडूला चौकोनांची एक ओळ, फटका जमला की छोटी रेघ, बाद झाला की काट. पेन्सिल जिभेला लावून बॅटल लिहीत, आणि लिहिता लिहिता टोमणे मारत.

"लुशस, आज बॅट घरी विसरून बायबल घेऊन आलायस की काय?"

"बॅटल काका, तुम्ही लिहा. उद्या तुमची पेन्सिल झिजवतो की नाही बघा!"

लुशस पेटवे तिसऱ्या बेसपाशी क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा. बोलण्यात पटाईत, पण मनातून आईला भ्यायचा. जॉर्जियात राहणारी त्याची आई, मिस इडेला, हिला वाटायचं की पोरगा उनाडक्या करतोय आणि पत्रातून थापा मारतोय. तिच्या गावच्या वर्तमानपत्रात गोऱ्यांच्या शाळेतल्या मुलांचे सामनेसुद्धा छापून यायचे, पण लुशसचं नाव कधीच नाही.

जूनमधल्या एका रविवारी लुशस चार वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि चारही वेळा फटका जमला. शेवटचा चेंडू तर कुंपणापलीकडच्या चर्चच्या अंगणात पडला, तिथे बायका मासे तळत होत्या. सामना संपला तसा तो बॅटल यांच्यापाशी आला.

"आई म्हणेल, हेही खोटंच."

बॅटल यांनी पेन्सिल जिभेला लावली. मग पानाखाली सही ठोकली आणि ते पान माझ्यातून टर्रकन फाडलं.

"हे धाड तिला. माझी सही खोटी म्हणायची तिची हिंमत नाही."

"पण काका, वही?"

"वहीला कोण विचारतंय? आपले आकडे मोजायला कोण बसलंय रे!"

मला दुखलं, पण राग आला नाही. पोराचा चेहरा पाहिला असतात तर तुम्हीही पान दिलं असतंत. पुढे तशी रीतच पडली. ज्याचा दिवस चांगला, त्याचं पान त्याच्या आईला. मोसम संपेपर्यंत माझ्यातली अकरा पानं टपालाने गेली. चांगले दिवस घरोघरी गेले आणि पडके दिवस माझ्यापाशी उरले.

मग संघ मोडला. चर्चच्या अडगळीत भुईमुगाच्या पोत्याखाली मी कितीतरी वर्षं पडून होते. उंदरांनी एक कोपरा खाल्ला. शेवटी कुणीतरी मला गावच्या वाचनालयात आणून दिलं. कौतुक तर दूरच, धूळसुद्धा कुणी झटकली नाही.

आणि अचानक मला मोल आलं. मोठ्या लीगच्या विक्रमांच्या पुस्तकात आमच्या जुन्या लीगनाही जागा द्यायची असं ठरलं होतं. आकडे जुळवणारा थेरन नावाचा तरुण माझी पानं हलक्या हाताने उलटू लागला. मी हरखले. पण त्याने लुशसचा हिशोब मांडला तेव्हा माझा जीव कासावीस झाला. सत्तावन्न वेळा उभा, बारा फटके. म्हणजे बेताचाच खेळाडू! माझ्याच पानांनी माझ्या लुशसला बेताचा ठरवलं होतं.

ही बातमी लुशसच्या लेकीपर्यंत पोचली. वर्नेल पेटवे, वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर रविवारची टोपी, काखेत आजी इडेलाचं बायबल. आल्या आल्या तिने थेरनला फैलावर घेतलं.

"माझा बाप बेताचा? पोरा, तू त्याला खेळताना पाहिलायस?"

"मिस वर्नेल, मी फक्त जे लिहिलंय ते मोजतो."

"मग हे मोज."

बायबलमधून तिने घडीचं पान काढलं. थेरनने ते माझ्या शिवणीपाशी टेकवलं. कडेला कड लागली, एक दातासुद्धा चुकला नाही. ऐंशी वर्षांनी माझं पान माझ्यापाशी आलं. मित्रांनो, मला रडता येत असतं तर पेन्सिलीची अक्षरं पुसली गेली असती.

"आता एकसष्ट वेळा, सोळा फटके," थेरन म्हणाला. "बरंच सुधारलं."

"आणि बाकीच्या दहा पानांचं काय? लिही तिथे, की दहा पानं आयांकडे गेली आहेत."

"तसा शेरा लिहायला रकाना नाही."

"मग नवा आखा! जागा दिलीत, उपकार झाले. पण सगळं कळलं असा आव आणू नका म्हणावं त्या पुस्तकवाल्यांना."

थेरनने ते टिपून घेतलं. "मी कळवतो. मानतील की नाही, ठाऊक नाही."

मग त्याने हळूच विचारलं, पान वहीतच ठेवू का? वर्नेलने माझ्यावरून हात फिरवला.

"नाही रे. हे आजीला दिलेलं आहे. ती मरेपर्यंत पाहुण्यांना दाखवायची." तिने पान घडी करून परत बायबलमध्ये ठेवलं.

अर्धा तास माझी अकरातली एक कड भरलेली होती. त्यावरच मी समाधान मानलं, कारण पान मुळी आईसाठीच फाडलं होतं. थेरनने कळवलं, पण उत्तर अजून आलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी आजीच्या पेटीत चौकोनांचा एखादा पिवळा कागद सापडला, तर रद्दीत टाकू नका. त्याची एक कड खडबडीत असेल. माझ्यापाशी ठेवायला नको, पण एकदा आणून दाखवा. लुशससारखे आणखी दहाजण इथे बेताचे म्हणून बसलेत.