उतरलेला गंधार

पियानोचे सूर लावणं हा ताईचा धंदा. शाळा, नाचाचे वर्ग, मोठी सभागृहं, कुठूनही बोलावणं आलं की ती हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघायची. ही विद्या बाबांची. गाव त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचं आणि ते घरातही उस्तादच असायचे. आता वयोमानाने त्यांनी काम सोडलं होतं. आई गेल्यावर ताई आणि तिचा नवरा बाबांच्याच घरी राहायला आले होते, आणि बैठकीतल्या बाबांच्या जुन्या पियानोची देखभालही ताईकडे आली होती.

एके दिवशी कामावरून आल्यावर तिने सहज पियानोवर हात टाकला आणि चपापली. गंधार उतरलेला होता.

हवा बदलली की पियानो उतरतो, पण सगळाच्या सगळा उतरतो. इथे नेमके गंधारच तेवढे खाली होते, सगळ्या सप्तकांतले. शिवाय एक काळी पट्टी अशी उतरवली होती, की ना ती वरच्या सुरात, ना खालच्या, अगदी मधोमध. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. इथे त्यातल्या दोन जुळलेल्या आणि तिसरी तशीच सोडलेली. कुणीतरी काम अर्धवट टाकून उठलं होतं.

तिच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते बारक्याचं.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. तोही बाबांच्या हाताखाली शिकला, पण त्याला दोन सुरांच्या मधल्या जागांचं वेड लागलं. “पियानोत बारा घरं सारखी कापून ठेवलीत, त्यात खरा सूर मावत नाही,” असं म्हणायचा. स्वतःच पट्ट्या वाढवून तऱ्हेवाईक वाद्यं बनवायचा. बाबा एकदा भर जेवणात म्हणाले, “बेसुऱ्याला माझ्या घरात जागा नाही.” ताटावरून उठला तो गेलाच. त्यानंतर ना फोन, ना भेट.

‘आता आला असेल हक्क सांगायला,’ ताईला वाटलं. ‘आधी पियानो, मग घर.’ तिने बाबांना विचारलं, “आज कोण आलं होतं?”

“मला कुठलं ऐकू येतंय,” बाबा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

ताईने पियानो पुन्हा सरळ लावला आणि दाराचं कुलूप बदललं. आठवडा गेला नसेल, गंधार परत खाली. तिने परत लावला. परत खाली! नव्या कुलपाच्या किल्ल्या दोनच होत्या, एक तिच्याकडे आणि एक नवऱ्याकडे; आणि बाबा बारक्याला आतून दार उघडतील हे तर शक्यच नव्हतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दुकान जवळच, त्यामुळे दुपारी जेवायला घरी यायचा. गरीब गाय माणूस, संगीतातलं ओ की ठो कळत नसलेला. रात्री जेवताना तिने विषय काढला.

“अहो, पियानो सारखा उतरतोय.”

“हवेने असेल,” तो ताटावरची नजर न उचलता म्हणाला.

ताईचा घास हातातच राहिला. ह्या माणसाने लग्नापासून आजवर पियानोबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं, आणि आज हवा! पाणी मुरत होतं, आणि ते आपल्याच घरात मुरत होतं. मग तिला सगळंच दिसायला लागलं. तो हल्ली मोबाइल पालथा ठेवायचा. ती खोलीत आली की बाबांचं आणि त्याचं बोलणं थांबायचं. जावई आणि मेव्हणा एक झाले, म्हाताऱ्याकडून कागदावर सही घेतली, तर आपण कुठल्या दारात उभं राहायचं? कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं, “आज लांबच्या शाळेत काम आहे, यायला संध्याकाळ होईल.” पिशवी घेऊन ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जाऊन बसली. इस्त्रीवाल्या बाईला वाटलं, कपड्यांची वाट पाहतेय. दुपारी नवरा घरात शिरताना दिसला. ताईने जरा दम धरला आणि मग जिना चढली.

आतून सूर येत होता. आधी कुठल्याशा परक्या वाद्याचा, मग पियानोचा. पुन्हा परका, पुन्हा पियानो. तिने किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

पियानोचं झाकण उघडं होतं. बाबा आत वाकलेले, दोन्ही हातांनी खुंटी पिळायची चावी धरून. हात लटलट कापत होते. नवरा शेजारी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभा. बारक्याचा कुठे पत्ता नव्हता.

“दार लाव,” बाबा म्हणाले. “बाहेरचा गोंगाट आत येतो.”

“बाबा, हे तुम्ही करताय?”

“मग काय भूत करतंय?”

नवऱ्याचा चेहरा उतरला होता. “बारक्याचं वादन कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं, खाली त्याचा नंबरही होता,” तो म्हणाला. “मी ऐकत बसलो होतो. बाबा म्हणाले, परत लाव. मग रोजच म्हणायला लागले. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली मला.”

“का? मी काय परकी आहे?” ताईचा आवाज चढला.

“तू लगेच सरळ करून ठेवली असतीस,” बाबा म्हणाले. “ठेवलीसच की. मी मर मर मरून गंधार उतरवायचा आणि तू येऊन चढवायचा. चाललंय काय!”

ताईला हसू येईना आणि रडू आवरेना. “जन्मभर तुम्ही जसं शिकवलंत तसंच लावत आले मी. केसभर इकडंतिकडं होऊ दिलं नाही. आणि आता तुम्हाला त्याचा सूर हवा?”

बाबा स्टुलावर बसले आणि त्यांनी चावी मांडीवर ठेवली. “हवा की नको ते अजून ठरलेलं नाही. आधी हाताला सापडू दे. मी त्याला बेसूर म्हणालोय. काय म्हणालो ते तरी कळायला नको का?” मग ते म्हणाले, “तिसरी तार माझ्याच्याने धरवत नाही गं.”

 ताईने पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या मांडीवरची चावी घेतली. मोबाइलवरचं ऐकून गंधार तिने बसवला. षड्ज आणि गंधार एकमेकांत विरघळले, ते एकत्र वाजताना नेहमी उठणारी थरथरती लाट निमाली. पण ती मधोमधची काळी पट्टी काही केल्या हाती लागेना.

“नंबर द्या त्याचा,” ती नवऱ्याला म्हणाली.

तिकडून ‘हॅलो’ आल्यावर तिला बोलायला दुसरं काही सुचलं नाही. “दुसरी काळी पट्टी किती उतरवायची?”

 बारक्याने उलट विचारलं, “ताई? कोण विचारतंय, तू की बाबा?”

“पियानो विचारतोय. सांग.”

“घर विकताय का? माझी सही हवीय?” बारक्या म्हणाला. “तसं असेल तर सरळ सांग, सुरांचं नाटक नको.”

ताईला राग यायला हवा होता. पण सकाळपर्यंत तिच्याही मनात हेच होतं. “विश्वास नसेल तर येऊन बघ,” म्हणत तिने फोन ठेवला.

तो रविवारी आला. डोक्यावरचे केस विरळ झालेले. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभा राहिला. खोलीभर नजर फिरवली, टेबलावर कागद-बिगद आहेत का पाहिलं. बाबा त्याच्याकडे न बघता पियानोशी बसले आणि त्यांनी गंधार वाजवला, मग ती काळी पट्टी.

बारक्याने मान तिरकी केली. “हा चढा आहे अजून.”

“मग तू उतरव,” बाबा म्हणाले. “तोंडाने काय सांगतोस?”

बारक्याने चपला काढल्या. ताईने चावी पुढे केली, त्याने ती घेताना तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं, आणि मग तो पियानोत वाकला. ती आणि नवरा स्वयंपाकघरात गेले. थोड्याच वेळात बाहेरून दोघांचे आवाज चढले.

“भांडायला लागले,” नवरा घाबरून म्हणाला.

“वरच्या सप्तकावरून भांडतायत,” ताई म्हणाली आणि तिने चहात दोन कप पाणी वाढवलं.