कुबात म्हणा

नारीन शहराच्या वीज कंपनीत तक्रारींचे फोन घेणाऱ्या जिपारला यंत्राने प्रशिक्षणाच्या परीक्षेत दोनदा नापास केले होते. आज तिसरी आणि शेवटची खेप. यातही नापास झाली, तर सोमवारपासून तिच्या खुर्चीत दुसरी कोणी बसणार. आणि नवरा मॉस्कोला गेला तो तिकडचाच झाला होता. पोरांसकट सगळे घर जिपारच्या पगारावर चालत होते.

पूर्वीचे ऑनलाइन प्रशिक्षण फार चांगले होते. चित्रफीत लावून द्यावी, आपण बटाटे सोलावेत, शेवटी प्रमाणपत्र यावे. मग कोणाला तरी सुधारणा सुचली. आता कृत्रिम बुद्धी शिकवते, प्रश्न विचारते, उत्तर कान देऊन ऐकते आणि ज्याला जे जमत नाही नेमके तेच त्याच्याकडून घोटून घेते.

जिपारला एकच शब्द जमत नव्हता. कुबात. म्हणजे वीज. बोलताना असे कोणी म्हणत नाही. ‘उजेड गेला’, ‘उजेड आला’ एवढ्यावर सगळ्या नारीनचे भागते. पण यंत्राला कागदावरचा शब्द हवा होता, आणि कुबात हे जिपारच्या सासऱ्याचे नाव होते. सून सासऱ्याचे नाव घेत नाही. त्या नावाचा शब्दसुद्धा तोंडात घेत नाही. गोठ्यात जाऊन तिने एकटीने म्हणून पाहिले, तर गाईसमोरही जीभ वळेना. शिवाय गोठ्यात नेटवर्क नव्हते. ते फक्त चुलीच्या खोलीत, जिथे सासू-सासरे बसत.

“तारेला चिकटलेल्या माणसाला कसे सोडवाल?” यंत्राने गोड आवाजात विचारले.

“आधी... ते बंद करायचं.”

“काय?”

“तारेतलं. वाहतं ते.”

“वाहते ते पाणी. उत्तर चूक.”

“अगं, उजेड म्हण की!” सासूने चहा ओतता ओतता सुचवले.

“उजेड.”

“उजेड खिडकीतूनही येतो. आपण सोपा धडा घेऊ. माझ्यामागून म्हणा. कुबात.”

चुलीपाशी पेंगणारा म्हातारा दचकला. “कोण गं?”

“कुबात. कुबात. कुबात,” यंत्र म्हणत राहिले.

“कोणाची सून म्हणायची ही?” म्हातारा चिडला. “आईबापांनी काही वळण लावलंय की नाही?”

“अहो, यंत्र आहे ते,” सासू म्हणाली. “तुमच्या नावापायी पोरीची नोकरी चाललीय.”

म्हाताऱ्याने सगळे समजून घेतले. “एवढंच ना? माझी परवानगी आहे, सूनबाई. घे नाव. खुशाल घे.”

“मामंजी, कसं घेऊ?”

“घे म्हणतो ना!”

जिपारने डोळे मिटले. “कु... कु... कु...”

“कोंबडा झाला पोरीचा,” सासू पुटपुटली. पण हसली नाही.

“सुरुवात बरोबर आहे,” यंत्र म्हणाले. “ही शेवटची संधी. पूर्ण वाक्य म्हणा.”

जिपारच्या कपाळावर घाम फुटला. म्हाताऱ्याला ते बघवेना. तो गुडघ्यांवर पुढे सरकला आणि फोनमध्ये तोंड घालून ओरडला, “आधी कुबात बंद करा!”

फोनमध्ये घंटी वाजली.

“उत्तर बरोबर. आवाज परीक्षार्थीचा नाही. बाहेरून मदत घेतल्यामुळे परीक्षा रद्द.”

म्हाताऱ्याने पहिले दोनच शब्द ऐकले होते. तो हसत वळला. “झालीस ना पास?”

“कुबात!” जिपार किंचाळली. “काय केलंत हे, कुबात! पोरांच्या तोंडचा घास घालवलात!”

सासूच्या हातातली किटली कलंडली.

“उच्चार स्पष्ट आहे,” यंत्र कौतुकाने म्हणाले. “तुमची प्रगती पाहून आनंद झाला. ही परीक्षा मात्र बंद झाली आहे.”

म्हाताऱ्याने टोपी उचलली आणि दाराशी बसून बूट ओढायला घेतले.

“कुठं निघालात?” सासूने विचारले.

“कंपनीत. चूक माझी आहे म्हणून सांगतो.”

“कोणाला सांगणार, मामंजी?” जिपार खाली मान घालून म्हणाली. “मागच्या खेपेलाच मी जाऊन आले. साहेब म्हणाले, काय सांगायचं ते यंत्रालाच सांगा.”

म्हातारा एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला.