गजभर उंचीची शिरोरेघ

जीपमध्ये औषधांच्या पेट्या दोन होत्या, पाण्याचा पत्र्याचा डबा एक, दोरखंड एक, फावडं एक, घडीचं स्ट्रेचर एक. खाली चारही स्प्रिंग-कमानींत पूर्वी नऊ-नऊ पाटे होते, आता अकरा-अकरा. टायर मिलिटरीचे, नेहमीपेक्षा मोठे. आणि दिवे दोन. भांडण सगळं त्या दोन दिव्यांचं होतं.

जीप रमाकांतच्या थोरल्या बहिणीची, डॉक्टर कौसल्या सामंत हिची. लष्कराच्या लिलावात घेतलेली. मुरबाडच्या पुढच्या अकरा गावांना ती आठवड्यातून तीन दिवस स्वतः चालवत जायची. ओढ्यातले दगड जीपच्या पोटाला लागायचे, म्हणून दिवाळीत तिने पाटे वाढवून गाडी उचलून घेतली. गाडी उंच झाली, पण दिव्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. डिसेंबरात समोरून येणाऱ्या एका बैलगाडीवाल्याचे डोळे दिपले आणि गाडी बैलांसकट चारीत गेली. त्याच्या कपाळाला सहा टाके कौसल्येनेच घातले, आणि पोलिसांत वर्दीही तिनेच दिली. तपासणी करणाऱ्या साहेबांनी मंगळवारी सकाळी दहाची वेळ दिली. डिपर, म्हणजे खालचा झोत, लावल्यावर त्याची वरची कड पंचवीस फुटांवर दिव्याच्या मध्यापेक्षा तीन इंच तरी खाली हवी. नसली तर गाडी उभी, पुढची तारीख दोन महिन्यांनी. त्या अकरा गावांत तीन बायकांचे दिवस भरत आले होते.

म्हणून अठ्ठावन्न सालच्या जानेवारीतल्या त्या सोमवारी, दिवेलागणीच्या सुमाराला, जीप लालबागच्या एका गल्लीत दौलतच्या गॅरेजसमोर उभी होती. दौलत लढाईच्या वेळी ब्रह्मदेशात मिलिटरी वर्कशॉपमध्ये होता. जीप त्याने चिखलात, पावसात, एकदा तर नदीत उभं राहून उघडल्या होत्या. गॅरेजच्या बरोबर समोर, पंचवीस फुटांवर, गिरणीची लांबलचक भिंत होती आणि तिच्यावर निळ्या रंगात दोन ओळी होत्या. वरती ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’, खाली ‘झालाच पाहिजे’.

रमाकांत माटुंग्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. प्रयोगशाळेतून तो तीस फूट रबरी नळी घेऊन आला होता. तिच्या दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या बसवलेल्या, आत परमँगनेटचं गुलाबी पाणी.

“बीएस्सी साहेब, सरबत आणलंत वाटतं,” दौलत म्हणाला.

“पाण्याची पातळी खोटं बोलत नाही, दौलतराव. इकडचं टोक दिव्याच्या मध्याशी, तिकडचं भिंतीशी. पाणी जिथे थांबेल तिथे खूण. तिच्याखाली तीन इंचांवर झोत.”

“मी आपला त्या रेघेवर बघतो.” दौलतने खालच्या ओळीकडे बोट केलं. “‘झालाच’ची शिरोरेघ. दोन वर्षं सगळ्या गाड्या तिच्यावरच लावतोय.”

“घोषणेवर दिवे लावता?” रमाकांत हसला.

“घोषणा काय लिहिलीय त्याच्यावर नाही. कशी लिहिलीय त्याच्यावर.”

पण वाद न घालता दौलतने आधी चारही टायरांची हवा मोजली. मग कौसल्येला म्हणाला, “डॉक्टरीणबाई, तुम्ही स्टेअरिंगवर बसा. गंगूताई, तुम्ही मागे. पेट्या आहेत तिथेच राहू देत.”

गंगुबाई कौसल्येची नर्स. ती बंपरला लिंबू-मिरची बांधत होती. “मी कशाला रे? मी काय वजनाचं माप आहे?”

“मापच आहात. रिकाम्या गाडीचे दिवे बघून काय उपयोग? मागे वजन पडलं की गाडी नाक वर करते. आणि लिंबाने दिवा खाली येत नसतो, गंगूताई.”

“वर तर जात नाही ना?” म्हणत गंगुबाई मागे चढली. जीप मागून बसली. रमाकांतने पट्टी लावली. दिव्याचा मध्य जमिनीपासून साडेसदतीस इंचांवर आला. वजन हा मुद्दा त्याच्या वहीत नव्हताच. त्याने तो लिहून घेतला.

मग गुलाबी पाणी स्थिरावलं, भिंतीवर खूण झाली, तिच्याखाली तीन इंचांवर खडूची रेघ झाली. ती शिरोरेघेच्या वर अडीच इंच होती. दौलतने पाहिलं, मान हलवली आणि काचेच्या कडेचे स्क्रू फिरवून दोन्ही झोत खडूच्या रेघेवर आणून दिले.

“बघा, अगदी बरोबर!” रमाकांत म्हणाला.

“आता गल्लीच्या तोंडाशी चला. तिथे रस्ता सपाट आहे.”

तिथे कौसल्येने जीप उभी केली. दौलत गॅरेजातली एक लाकडी पट्टी घेऊन शंभर फूट पुढे गेला आणि पट्टी रस्त्यावर उभी धरून ओरडला, “लावा डिपर!”

पट्टी तीन फुटांची. झोताची कड तिच्या डोक्यावरून साडेपाच इंच वर, दौलतच्या सदऱ्यावर पडली होती. म्हणजे उजेड उतरत नव्हता, चढत होता.

कौसल्येने दिवे विझवले. “रमा, अशी गाडी घेऊन मी निघणार नाही,” ती म्हणाली. “उद्या पास झाली तरी नाही.”

रमाकांतचे कान तापले. चूक वाचनात नव्हती, नळीत नव्हती. मग कुठे होती?

परत आल्यावर दौलतने त्याला काही समजावलं नाही. ती लाकडी पट्टी फक्त हातात दिली. “हा गज. सीतारामचा. गिरणीत घडी खात्यात कापड मोजतो तो. भिंतीवरची अक्षरंही त्याचीच. प्रत्येक अक्षराला हा गज रस्त्यावर उभा धरायचा, डोक्याशी टिंब करायचं, मग निळीत बुडवलेला दोरा टिंबांवरून ताणून झटका. लोक म्हणाले, ‘अरे, पोलीस येतील, आटप!’ तर हा म्हणतो, ‘वाकडं लिहिलेलं कोण वाचणार?’ लावून बघा.”

रमाकांतने गज भिंतीशी उभा केला. ‘झा’खाली, ‘ला’खाली, ‘च’खाली. शेवटच्या ‘जे’पर्यंत. प्रत्येक ठिकाणी शिरोरेघ गजाच्या बरोबर डोक्यावर. आठ हात लांबीत त्याला कुठे सुताचाही फरक सापडला नाही. मग त्याने पायाखाली पाहिलं. गॅरेजपासून भिंतीकडे, गटाराकडे, गल्ली उतरत गेली होती. नळी पुन्हा धरून त्याने उतार मोजला. पंचवीस फुटांत चार इंच.

तो खाली उकिडवा बसला. पाण्याने समुद्राची पातळी दाखवली होती, आणि गाडी तर रस्त्यावर उभी होती. सीतारामची रेघ सपाट नव्हतीच. ती रस्त्याबरोबर उतरत होती, रस्त्यापासून सगळीकडे तीन फूट. दिव्याला हवी होती ती नेमकी तीच रेघ.

“दौलतराव, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला एवढं ठाऊक, की हिच्यावर लावलेली गाडी परत आली नाही.”

रमाकांतने वहीत लिहिलं: साडेसदतीस, वजा तीन, साडेचौतीस. “शिरोरेघेच्या खाली दीड इंच,” तो म्हणाला.

“तेच म्हणणार होतो. फक्त बोटांत सांगितलं असतं,” दौलत म्हणाला आणि पाना-पेचकस रमाकांतच्या हातात दिले. “घ्या, तुम्हीच फिरवा. पाव आटा. हां... थोडा मागे. बास.”

दोन्ही झोत ‘झालाच’ आणि ‘पाहिजे’ यांच्या शिरोरेघेखाली येऊन थांबले, निळ्या अक्षरांचं पोट उजळलं. गल्लीच्या तोंडाशी पुन्हा शंभर फुटांवर गज उभा राहिला, आणि या वेळी रमाकांतला स्टेअरिंगवर बसवून गज धरायला कौसल्या स्वतः गेली. कड साडेपंचवीस इंचांवर होती. तिने ती दोनदा पाहिली, मग दिव्यांकडे तोंड करून गाडीवानाच्या उंचीवर उभी राहिली. डोळे मिटावे लागले नाहीत.

“रेघेबद्दल नमस्कार सांगा सीतारामला,” ती म्हणाली.

“सांगतो. पण फुगेल तो. आधीच छाती गजभर आहे.”

मंगळवारी दहाला साहेबांनी अंधाऱ्या शेडमध्ये पांढऱ्या कापडासमोर जीप उभी केली, गंगुबाईला मागे बसवलं, आणि पट्टी लावली. डावा दिवा तीन इंच खाली. उजवा तीन इंच आणि एक सूत. गाडी पास.